चारीवरचा साकव आणि परकीय हितसंबंध

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
परकीय हितसंबंध प्रतिनिधी नोंद कक्ष,
इंदापूर.

विषय: परकीय हितसंबंधांचा प्रतिनिधी म्हणून झालेली नोंद रद्द करणेबाबत.
संदर्भ: आपली तिसरी नोटीस, दि. ४ ऑगस्ट २०२५.

महोदय,

अर्जदार सावळाराम रंगनाथ भापकर, वय ७१, राहणार पणदरे, तालुका बारामती, सविनय सादर करतो की,

१. अर्जदाराच्या वस्तीकडे जाणारा, कालव्याच्या चारीवरचा साकव गेल्या वर्षी खचला. पत्नी कुशाबाई हिला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बारामतीस न्यावे लागते. रिक्षा चारीपलीकडेच थांबते. अर्जदार तिला पाठीवर घेऊन गुडघाभर पाण्यातून जातो. म्हणून साकवदुरुस्तीचा अर्ज केला.

२. अर्जाला मोठ्या माणसाची शिफारस लावायची, ही गावाकडची रीत आहे. अर्जदाराच्या ओळखीत मोठे कोणी नाही. कुशाबाई म्हणाली, "आपल्या विजयसिंहाचं नाव घाला की. पोरगा परदेशात सायब हाय, न्हाय कसं म्हणत्याल?" मुलगा आता नेदरलँड्सचा नागरिक असून दूध काढण्याची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत नोकरीस आहे. अर्जदाराने शिफारशीत त्याचे नाव, हुद्दा व कंपनीचा पत्ता मोठ्या हौसेने लिहिला.

३. त्यावरून अर्जदार परकीय कंपनीसाठी शासनाकडे वशिला लावतो असे ठरले, प्रतिनिधी म्हणून त्याची नोंद झाली आणि साकवाचा अर्ज आपल्याकडे अडकला. कोणकोणत्या अधिकाऱ्यास भेटलात, याचा दर तीन महिन्यांनी अहवाल द्या, असा आदेश झाला. पहिल्या अहवालात अर्जदाराने 'कोणीही भेटले नाही' असे खरे ते लिहिले. तो अपूर्ण म्हणून परत आला. दुसऱ्यात शिपायाने पाणी दिल्याचे लिहिले, तर बिचाऱ्या शिपायाची चौकशी लागली. परकीय कंपनीस या साकवापासून होणारा लाभ, या रकान्यात काय भरावे हे अद्याप सुचलेले नाही. दर खेपेस एसटीने येण्याजाण्यात दिवस मोडतो. साहेब, अर्जदार थकला आहे.

४. अखेर आपल्या कक्षातील राजलक्ष्मी मॅडमना दया आली. त्या म्हणाल्या, "आबा, त्या माणसाशी संबंध नाही असं लिहून द्या, नाव लगेच निघेल." त्याप्रमाणे, परदेशी नागरिक विजयसिंह याच्याशी आपला कोणताही संबंध नाही व पुढेही राहणार नाही, असे प्रतिज्ञापत्र अर्जदाराने केले आहे. सही जरा वाकडी आली आहे. ती अर्जदाराचीच समजावी. कुशाबाईस हे सांगितलेले नाही.

तरी नोंद रद्द करून साकवाचा अर्ज पुढे पाठवावा. काम झाल्यावर प्रतिज्ञापत्र कृपया फाईलला ठेवू नये. अर्जदार ते फाडण्यासाठी स्वतः न्यायला येईल.

आपला नम्र,
सावळाराम रंगनाथ भापकर
पणदरे, दि. १८ ऑगस्ट २०२५

सोबत: मुलाशी संबंध नसल्याचे प्रतिज्ञापत्र, मूळ प्रत. दुसरी प्रत काढलेली नाही.