माल निवडणारा माणूस

ती. दादास,
धाकटीचा नमस्कार.

ट्रक पक्का झाला. गुरुवारी सकाळी तो आपल्या गावात येईल, हे टोमॅटो घेणाऱ्या कंपनीच्या मॅनेजरबाईंनी आज स्वतः सांगितलं. अट एकच आहे. ट्रक आपल्या शेतकरी गटाने पूर्ण भरायचा. तुझे टोमॅटो नसतील तर तो भरत नाही.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र बसच्या कंडक्टरकडे देते आहे.

मी बरी आहे. खोलीतला पंखा सारखा कुरकुरतो, तेव्हा तुझी आठवण येते. आईचा गुडघा कसा आहे? वहिनीने दिलेली चादर कामी आली, तिला सांग.

मी निघताना तू म्हणालास, "माझा चांगला माल गटातल्या इतरांच्या किडक्या मालात कशाला मिसळू?" बाईंनाही तीच शंका होती, "खराब माल खाली दडवलात तर?"

मी म्हटलं, "आमच्याकडे निवडायला एक माणूस आहे. तो जेवणाच्या ताटातही खोट काढतो."

त्या हसल्या. "मग त्यांनाच उभं करा."

तू नाकारलेला टोमॅटो ट्रकमध्ये चढणार नाही, मग तो कुणाचाही असो. गटाच्या अध्यक्षकाकांनी फोनवर होकार दिलाय. तुला न विचारता नाव दिलं, त्याबद्दल मी आल्यावर रागाव.

गुरुवारच्या आधी व्यापारी दारात येईल, गोड बोलेल. एकेकट्याला तो कसा भाव देतो, ते आपण दोघांनी पाहिलंय. त्याला चहा दे, माल देऊ नकोस.

ट्रकवाला गुरुवारी गावात शिरला की आधी तुझंच घर विचारेल.

तुझी,
धाकटी