बैलाला मारलेली हाक

बाबा, काल इथे परदेशात, जुरोंग ईस्टच्या एका हॉलमध्ये तुझं गाणं ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. अजून ताळ्यावर आलेलं नाही. आत्ता वन-नॉर्थला ऑफिसात मीटिंग चालू आहे आणि मी हे लिहिते आहे; समोरच्यांना वाटतंय मी नोट्स काढतेय. काल इथल्या मराठी लोकांचा स्नेहमेळावा होता. बायका वारली चित्रांच्या साड्या नेसून, पुरुषांचे कुर्ते तसलेच, आणि निवेदिका लाडात येऊन म्हणते, "आता एक धम्माल पारंपरिक आदिवासी लोकगीत! कवी अज्ञात!" अज्ञात म्हणे. तुला ओळखत नाही असं आपल्या तालुक्यात एक घर नव्हतं, आणि तू अज्ञात! मागे कीबोर्ड, ड्रम, सगळा धांगडधिंगा. शेवटची ती हाक आली तशी निवेदिका ओरडली, "सगळ्यांनी म्हणायचं हं!" आणि अख्खा हॉल हात वर करून "होऽऽ ये, ये" करत नाचायला लागला. माझी लेकसुद्धा. "आई, सो कॅची लाह!" इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली. तिच्यावर काय चिडायचं? तिला मी कधी काही सांगितलंच नव्हतं.

ती हाक नाचायची नाही रे. ती आपल्या तांबड्या बैलाची. धरणात जमीन गेली, आपल्याला वर माळावर पत्र्याच्या खोल्या दिल्या. माणसं मुकाट राहिली, पण बैलाला कोण समजावणार? तो दावं तोडून जुन्या शेताकडे चालू लागायचा आणि पाण्याच्या काठाशी जाऊन उभा राहायचा. तू हाका मारून त्याला परत आणायचास. एका दुपारी तो पाण्यात शिरला. तू कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हाक मारतो आहेस, मी आठ वर्षांची, काठावरून रडत तुला परत बोलावते आहे, आणि बैल वळूनही बघत नाही. चार दिवस तू धड जेवला नाहीस. पाचव्या दिवशी चुलीपाशी बसून, नाचणीची भाकर तशीच हातात धरून, गाणं म्हणालास. आधी भाताचं खाचर, मग मोहाचं झाड, मग तुझ्या आईला जाळलं ती जागा, आणि शेवटी फक्त ती हाक. आई भाकरी थापायची थांबली होती.

मग ते गाणं सगळीकडे गेलं. मोर्चात, लग्नात, तहसील कचेरीच्या दारात. दिवसभर भट्टीवर विटा थापायच्या आणि सुटल्यावर खांद्याला ती दोन भोपळ्यांची, तारा छेडून वाजवायची घांगळी लावून मैलोन्‌मैल चालत गायला जायचं. कितीतरी गाणी रचलीस, सगळी डोक्यात. जिल्ह्याच्या महोत्सवात बोलावलं तेव्हा तिथला साहेब म्हणाला, "पॅन्ट घालून आलात तर आदिवासी कसे दिसणार?" आणि पानांचा झगा नि मोराचं पीस पुढे केलं. तू पॅन्टवरच तो झगा चढवलास, आणि साहेबावरच एक कडवं जागच्या जागी रचून म्हटलंस. लोक हसले. साहेबही हसला, त्याला आपली बोली कळली नव्हती. घरी येऊन मी थयथयाट केला तर मलाच झापलंस, "रागावून घसा बसतो. गाणाऱ्याने घसा जपायचा." मी नाही जपत. मी कुठे गाणारी आहे?

काल मी घसा फाडून बोलले. कार्यक्रम संपल्यावर आयोजकांना गाठलं. पुण्याचे, अगदी सभ्य, हातात चहाचा कप. म्हटलं, "हे गाणं माझ्या वडिलांचं आहे."

"अरे वा, म्हणजे तुमच्याकडेही गायचे का?"

"गायचे नाही. त्यांनी रचलंय."

ते समजुतीने हसले. "मॅडम, लोकगीताला असा एक कवी नसतो हो. आणि तुम्ही त्यातल्या वाटत नाही." त्यातल्या! दर संक्रांतीला या माणसाच्या घरी मी तिळगूळ खाल्लाय. इतकी वर्षं मीही 'पालघरकडची' एवढंच सांगून वेळ मारून नेली होती, तेही संपवलं. तुझं नाव, गाव, धरण, बैल, सगळं चार माणसांत मोठ्याने सांगितलं. ते वरमले, पण म्हणाले, "आम्ही मनाने नाही लिहिलं, पुस्तकातून घेतलंय," आणि फोनवर पानाचा फोटो दाखवला. टेप घेऊन आपल्याकडे तीन दिवस राहून गेला होता ना, त्या शहरातल्या संशोधकाचं पुस्तक. गाणं ज्या कागदावर उतरवलं तो कागद त्यात जसाच्या तसा छापलेला. दुरेघी वहीचं पान, शाईपेनाचं वळणदार अक्षर, वर मथळा: आदिवासी लोकगीत.

ते अक्षर माझं. मी सहावीत, आश्रमशाळेतून सुट्टीला आलेली. त्याला गाणं लिहून हवं होतं, तुला लिहिता येत नव्हतं, म्हणून तू सांगत गेलास आणि मी लिहीत गेले. शाळेच्या पुस्तकात आपल्या लोकांच्या गाण्यांवर तसंच छापलेलं असायचं, मीही तसंच लिहिलं. वर अक्षराबद्दल त्याची शाबासकीही घेतली. आयोजक म्हणाले, "काही पुरावा असेल तर पाठवा, पुढच्या वेळी नाव घेऊ." आता काय पाठवू? आणि तुला तरी हे पत्र कसं पाठवू, तू होतास तेव्हाही तुला आलेलं प्रत्येक पत्र वाचून दाखवणारी मीच होते. पण एक राहिलंय सांगायचं. कागद त्या संशोधकाच्या हातात देण्याआधी तू म्हणालास, "वाच बघू, काय लिहिलंस ते." मी सगळं गाणं वाचलं, हाकेसकट. मथळा वाचला नाही. वाचला असता तर तू म्हणाला असतास, "माझं नाव कुठंय?" आणि एवढं सुबक लिहिलेलं पान मला खाडाखोड करून खराब करायचं नव्हतं.