स्पिंडलचा ताप आणि मामीची पट्टी

चिखली, मंगळवार

तीर्थरूप पंजाबराव मामा यांना गोकुळचा वाकून नमस्कार.

इकडे मशीन सोडून सगळे ठीक आहेत. तुमचा गुडघा, तुमची सोयाबीन आणि तुमच्या दारातला तो चावरा कुत्रा, तिघांची खुशाली कळवावी. (कुत्र्याची आधी, म्हणजे यायचं की नाही ते ठरवता येईल.) फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही सगळ्याला ‘हाव, हाव’ म्हणून ठेवून देता, आणि मागाहून कळतं की ऐकू काहीच आलं नव्हतं. म्हणून हे पत्र साखरखेर्ड्याच्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरजवळ देतो आहे.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहिलेली रुक्मिणी मामी एकाएकी बोचकं बांधून गावी परत का आली, हे तिनं तुम्हाला सांगितलं नसणार. ती सांगणार नाही आणि तुम्ही विचारणार नाही, तुमचा संसार तसाच सुखाचा झाला आहे. तेव्हा मीच सांगतो.

मी कॉलेजात शिकवतो हे तुम्ही गावभर सांगता, पण ती नोकरी कंत्राटी आहे हे गाळता. ती कायम व्हायला पीएच.डी. लागते. माझा विषय आहे स्पिंडलचा ताप. स्पिंडल म्हणजे मशीनमधला तो दांडा, ज्याच्या टोकाला कापायचं हत्यार बसवतात. तो भन्नाट वेगानं फिरतो, आतल्या बेअरिंग तापतात, आणि तापलं की लोखंड लांबतं. लांबतं ते केसाच्या जाडीइतकंही नाही, पण तेवढ्यानंही केलेला नग बाद होतो. (तुमच्या भावकीत बांध जेवढा सरकतो त्याहून पुष्कळ कमी, पण भांडण तेवढंच.) दांडा किती तापेल हे आधीच गणितानं सांगता आलं, तर मशीन तेवढं सांभाळून घेईल. त्या गणिताला मॉडेल म्हणतात. माझं मॉडेल देखणं आहे. फक्त ते म्हणायचं पन्नास अंश आणि स्पिंडल जायचा साठावर. एवढाच मतभेद होता, पण नोकरी नेमकी त्यातच अडकलेली.

प्रयोग घरामागच्या देवानंददादाच्या वर्कशॉपमध्ये चालतो. मशीन दिवसभर रिकामं फिरवायचं, स्पिंडलच्या बाहेरच्या, न फिरणाऱ्या कवचाला चिकटवलेल्या वायरी शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरपर्यंत आणायच्या, आणि आकडे बघत बसायचं. मी मशीनजवळ जात नसे. मॉडेलवर विश्वास असलेल्या माणसानं मशीनकडे सारखं बघणं बरं दिसत नाही. (शिवाय खोलीत कूलर आहे.)

एके दिवशी आकडा साठावरून खाली उतरू लागला आणि पन्नासाशी येऊन थांबला. दुसऱ्या दिवशीही तेच. मी पेढे वाटले. आमचे मार्गदर्शक धम्मरत्न सर शब्दांचे कंजूष, तेही ‘बरं आहे’ म्हणाले आणि त्यांनी विद्यापीठाच्या समितीला शुक्रवारी प्रयोग बघायला बोलावून टाकलं. पेढे मामीनंही खाल्ले, आणि का वाटले हे विचारलं नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

शेवटी शंका देवानंददादाला आली. मामी रोज घमेल्यात पाणी घेऊन वर्कशॉपमध्ये का जाते, असं त्यानं सहज विचारलं. जाऊन पाहतो तर मामी स्टुलावर बसलेली, डोळ्याला काळा चष्मा, आणि स्पिंडलच्या कवचाला जुन्या लुगड्याची ओली पट्टी गुंडाळलेली. पट्टी गरम झाली की काढायची, घमेल्यात बुडवायची, पिळायची, पुन्हा ठेवायची. मधूनच हाताची पालथी बाजू लावून ताप बघायचा. मशीनच्या बटणांच्या कोपऱ्यात मीठ-मिरच्यांची पुडीही होती, म्हणजे दृष्टही काढून झाली होती.

“हे काय करून राह्यली मामी?” मी विचारलं.

“दिवसभर एकटंच घरघर करते लेकरू. आंग कसं तापलं पाह्य. अन् तू तिकडं कूलरपुढं बसून राह्यला.”

मी म्हणालो, “तुले काय समजते यातलं? पुन्हा इथं पाय ठेवू नको.”

मामीनं पट्टी काढून पिळली. घमेलं पालथं घातलं आणि मेहकरच्या गाडीची वेळ विचारली. त्या दिवसापासून स्पिंडल पुन्हा साठावर आहे. बाकी सर्व क्षेम. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, कुत्र्याला लांबून रामराम.

आपला भाचा,
गोकुळ

ता. क. मामीला गुरुवारपर्यंत पाठवून द्यावं. सहज म्हणून. चटणी वगैरे करून आणायची गरज नाही. (आणल्यास हरकत नाही.)

ता. क. २. वरचं ‘सहज’ खोटं आहे. सरांना काल मी सगळं खरं सांगून टाकलं. त्यांनी आधी आकड्यांचा कागद पुन्हा पाहिला. मग म्हणाले, ओल्या कापडानं उष्णता जाते हे शास्त्रच आहे, पट्टी लपवू नका, मॉडेलमध्ये घाला. पण समितीसमोर तोच आकडा पुन्हा आणून दाखवावा लागेल. मी स्वतः पट्टी ठेवून पाहिली. एकदा आकडा पंचावन्न, एकदा चव्वेचाळीस, आणि तिसऱ्यांदा पाणी गळून मशीनच बंद पडलं. देवानंददादानं ते पुन्हा सुरू करून मला मशीनपासून दूर राहायला सांगितलं आहे. मामी नाही आली तर शुक्रवारी माझं काही खरं नाही. आणि मी बोललो ते चुकलं. तिच्या त्या रिकाम्या स्टुलाकडे बघवत नाही. हेही तिला सांगा.

ता. क. ३. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात देवानंददादा आला. तुम्ही सकाळी शेतात गेल्यावर मामी जी जीप धरून निघाली, ती थेट वर्कशॉपमध्ये उतरली आहे. त्याला म्हणाली, “म्या काई गोकुळसाठी नाही आली. त्या लेकराचा ताप पाहाले आली.” घमेलं भरून झालं, पट्टी चढली, आकडा उतरू लागला आहे. माझ्याशी मात्र ती एक शब्द बोलत नाही, आणि पट्टी किती पिळून ठेवते हे मला मॉडेलमध्ये घालायचं आहे. तेव्हा पत्र मिळताच देवानंददादाच्या फोनवर फोन करून तेवढं तिला विचारा. आणि मामा, या वेळी ‘हाव’ म्हणण्याआधी ती काय सांगते ते ऐका.