विहीणबाईंना शह

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. वहिनींनाही सांग. (वाकताना कंबर धरते हे मात्र सांगू नकोस, लगेच तेलाची बाटली पाठवतील.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कटकट वाजायचा तो आता वाजत नाही म्हणालास. तो बरा झाला की तुला ऐकू यायचं कमी झालं, हे एकदा तपासून घे. आमच्याकडे सगळे ठणठणीत. मीही आहे, पण शनिवार-रविवारी माझ्यावर जो प्रसंग गुदरला तो तुझ्याखेरीज कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून लिहायला बसले. मध्येच अक्षर बिघडलं तर समज, कुणीतरी चष्म्यावर बसून आला.

मी बुद्धिबळ खेळते हे तुला ठाऊक नसेल. कुणालाच नाही. भिंगं मशिनवर चढवली की ती घासून होईपर्यंत हाताला काम नसतं, तेव्हा मी फोनवर शिकले. फोन रोज मला हरवतो, पण हरवल्यावर टोमणा मारत नाही. (आपल्या घरात असा गुण फोनशिवाय कुणात आहे का?) तर समोरच्या औषधांच्या दुकानाच्या काचेवर कागद लागला: शनिवार-रविवार बुद्धिबळ स्पर्धा, नवशिके असोत की मुरलेले, सर्वांना खुली. घरी सांगितलं, फ्रेमांचं प्रदर्शन बघायला चालले. ह्यांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. लग्न इतकं जुनं झालं की खोटं बोलण्यातही काही मजा उरत नाही.

स्पर्धा एका शाळेच्या व्यायामशाळेत होती. बॅडमिंटनच्या रेघांवर लांबच लांब टेबलं, भिंतीला टांगलेले दोर, गाद्यांचा ढीग आणि शांतता अशी, की कुणी गोळीचा कागद सोडवला तरी अख्खी रांग वळून बघायची. पहिल्या फेरीत एका दातांच्या डॉक्टरांनी मला भूल न देता उपटलं. दुसरी फेरी मी जिंकले! बँकेतले एक गृहस्थ माझा वजीर मारायला हात उचलणार, तोच त्यांचा मोबाईल वाजला. वाजला की डाव गेला, असा नियम. बायकोचा फोन होता, कपड्यांचा साबण संपला म्हणून. त्या माउलीचे मी मनातल्या मनात पाय धरले.

त्या आनंदात तिसऱ्या फेरीच्या टेबलाशी गेले, तर समोर विहीणबाई.

आमच्या सूनबाईची आई रे. हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या; नुसत्या नजरेनं पेशंटचा ताप उतरवायच्या असं म्हणतात. मुलांच्या नव्या घराला त्यांनी पडदे शिवून आणले, मी त्या रंगाला 'ऑपरेशन थिएटरचा हिरवा' म्हटलं, ते कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं आणि तेव्हापासून आमचं बोलणं बंद. निरोप मुलांमार्फत जातात. आता सूनबाईला दिवस गेलेत, डोहाळजेवण कुणाकडे, कुणी कधी राहायला जायचं, सगळं अडलंय. दोन्ही आज्या तोंड फिरवून बसलेल्या, अशा घरात बाळानं यायचं तरी कसं, ही काळजी मला दुकानातही सोडत नव्हती.

"तुम्ही?" मी म्हटलं. "तुम्ही?" त्या म्हणाल्या. मी फ्रेमांच्या प्रदर्शनाचं कबूल केलं. त्यांनी घरी काय सांगितलं होतं, ठाऊक आहे? डोळे तपासायला जाते म्हणून! (माझं दुकान असताना!) पण ती वेळ रुसायची नव्हती. आपण एकमेकींना पाहिलंच नाही, असं ठरवून आम्ही बसलो.

पांढऱ्या सोंगट्या त्यांच्याकडे, म्हणजे पहिली खेळी त्यांची. पण त्या म्हणाल्या, "आधी तुम्ही." मी म्हटलं, "छे, तुम्ही वयानं मोठ्या." (हे त्यांना आवडलं नाही.) पंच येऊन म्हणाले, कुणीतरी खेळा. मी मनाशी पक्कं केलं, आपण हरायचं. त्या जिंकल्या की खूश होतील, खूश झाल्या की पडदे विसरतील. म्हणून आदरानं माझा वजीर त्यांच्या घोड्याच्या तोंडाशी नेऊन ठेवला. त्यांनी घेतला नाही! उलट आपला हत्ती मोकळा सोडला. मीही घेतला नाही. लग्नात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत पंगत जशी बसतच नाही, तसा आमचा डाव. पंचांनी बराच वेळ पाहिलं आणि खाली वाकून हळूच विचारलं, "तुम्ही दोघी एकमेकींना ओळखता का?"

"नाही!" आम्ही एका सुरात ओरडलो.

पंच गेल्यावर त्या दातांवर दात आवळून म्हणाल्या, "वजीर काय टाकताय? मला दया नको."

"दया नाही, मान दिला."

"पडद्यांना दिलात तसाच ना?"

"मग इतका हिरवा आणायचा कशाला?"

पंच धावत आले. पुन्हा आवाज आला तर दोघी बाद. म्हणजे इतक्या महिन्यांचं तुंबलेलं भांडण, आणि तोंड उघडायची बंदी! दादा, मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. त्यांनी माझा वजीर असा उचलला की शेजारच्या टेबलावरची प्यादी हलली. मी हत्ती घेतला. त्यांनी उंट घेतला. प्रत्येक सोंगटीगणिक एकेक जुना शब्द वसूल होत होता. एक घोडा तर मी निव्वळ 'तुमच्या मुलाला साधा भातही येत नाही' या वाक्यासाठी मारला. शेवटी माझं एक प्यादं पार पलीकडे पोचून वजीर झालं आणि त्यांच्याकडे उरला एकटा राजा. मी त्याला पटभर पळवला, कोपऱ्यात कोंडला आणि दिमाखात हात बाजूला केला.

पंच म्हणाले, "बरोबरी." राजाला शह नाही, पण हलायलाही जागा नाही, की डाव बरोबरीत सुटतो म्हणे. मी पटाकडे बघत राहिले. विहीणबाई माझ्याकडे. आणि मग त्या हसल्या. इतक्या वर्षांत प्रथमच ऐकलं. हसताना त्यांच्या नाकातून कुकरची शिट्टी वाजते! ती ऐकून मी हसले, मला बघून त्या, आणि पंचांनी दोघींना दाराबाहेर काढलं.

बाहेर बाकावर आम्ही डोळे पुसत बसलो. त्यांनी डब्यातलं अर्धं सँडविच मला दिलं. मग हळूहळू निघालं, की तो हिरवा रंग आमच्या चिरंजीवांनीच पसंत केला होता, आणि माझं वाक्य पोचवलं ते सूनबाईंनी. आम्ही दोघी नाहक इतके महिने फुगून! मी म्हटलं, "बाळ आलं की पहिला आठवडा तुम्ही जा." त्या म्हणाल्या, "दोघी जाऊ. एक बाळाला घेईल, दुसरी त्या दोघांना धाकात ठेवेल." दादा, मला भर रस्त्यात नाचावंसं वाटलं.

उरलेल्या दोन फेऱ्या आम्ही दोघी हरलो, हे सांगायला नकोच.

तुझी धाकटी

ता. क. : पुढच्या महिन्यात तुझ्या गावात जोडीनं खेळायची बुद्धिबळ स्पर्धा आहे. आम्ही नाव दिलंय. तुझी मागची खोली लागेल. तिथली व्यायामाची सायकल काढ, तू तिच्यावर टॉवेलच वाळवतोस. आणि चिरंजीवांचा फोन आला तर आम्ही अजून बोलत नाही असंच सांग. दोघं आम्हाला खूश ठेवायला सध्या फार धडपडताहेत, ते एवढ्यात थांबायला नको.

ता. क. : पाकीट बंद करणार तोच विहीणबाई आल्या आणि दोन ओळी मीही लिहिते म्हणाल्या. खालचं अक्षर त्यांचं.

दादा, नमस्कार. पत्र वाचलं. छान लिहिलंय, पण खरं तेवढं सांगते. माझा हत्ती मी मान म्हणून सोडला नव्हता, मला तो दिसलाच नाही. तुमच्या बहिणीलाही दिसला नसावा. त्यांचा वजीर मी घेतला नाही, कारण आधी मला तो सापळा वाटला. आणि तो वजीर पटावर ठेवल्याबरोबर त्या "अगंबाई!" म्हणाल्या होत्या. मान देताना कुणी "अगंबाई" म्हणतं का, हे तुम्हीच ठरवा.