पंपाची खरखर

बुधवार, संध्याकाळ

कानातली शिट्टी आजही सकाळपासून चालूच. डॉक्टर म्हणाले, टेन्शनने नसा ताणल्यात, आराम करा. सुपरवायझर कदमला सांगितलं तर सगळ्यांसमोर म्हणाला, "शिट्टी वाजते म्हणून रजा? नाटकं बंद कर."

आज तोच घरचा पंप घेऊन वर्कशॉपमध्ये आला. स्क्रूड्रायव्हर मोटारीवर टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि बेअरिंग खराब आहे का ते ओळखायचं, हे वागळेतल्या आमच्या कारखान्यात मला एकट्यालाच जमतं. पंप चालू करून लावली. शिट्टीच्या आडून खरखर स्पष्ट आली. बेअरिंग गेलेलं.

"काय ऐकू येतंय?"

"शिट्टी वाजतेय साहेब. बाकी काही नाही."

तो हसला, पंप तसाच घेऊन गेला. आठवड्याभरात जळेल. जळू दे. वाईट वाटायला हवं होतं का? लोकलमधून शहाडला उतरेपर्यंत कान गप्प होता. कितीतरी महिन्यांनी.