कडीवरचा बर्फ

यास्नोए, कझाकस्तान
१४ ऑक्टोबर १९९६

ती. लुडविकाताईस,
ख्रिस्ताची स्तुती असो. धाकट्या सेवेरिनाचा सा. न. वि. वि.

रविवार, १३ ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. वेळ नेमकी लिहिते, कारण मी घड्याळाकडेच पाहत होते. दुसरीकडे कुठे पाहायची लाज वाटत होती. आपले नवे फादर झेनोन (वय एकतीस, पोलंडहून येऊन चार महिने झाले, अजून शेगडी पेटवताना भुवया जाळून घेतात) यांनी गावातल्या सव्वीस माणसांना वेदीपुढे उभं केलं आणि त्यांच्या डोक्यावर नव्यानं पाणी ओतलं. प्रत्येकाला म्हणाले की तुझा बाप्तिस्मा आधी झाला नसेल, तर तो मी आता देतो.

नसेल तर! ताई, त्या सव्विसांतले एकोणीस माझे. इथे चाळीस वर्षं पाद्री नव्हता, तेव्हा पडदे ओढून, स्वयंपाकघरातल्या वाटीनं मीच त्यांना बाप्तिस्मा दिला होता. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी शिकवलं होतं तसाच: अडचणीच्या वेळी कुणीही देऊ शकतो, पण पाणी खरं हवं आणि ते कातडीवरून वाहायला हवं. नुसतं ओलं बोट टेकवलं तर काहीच झालं नाही.

आपला ट्रॅक्टरवाला आल्बिन, बावन्न वर्षांचा, तीन नातवंडांचा आजा, टक्कल पुढे करून उभा! नंतर मला सांगून गेला की मावशी, मनावर घेऊ नका, दोनदा धुतल्यानं मी काही आटणार नाही. मी म्हटलं की तीन दिवसांचा होतास तेव्हाही तू असाच बावळटासारखा हसला होतास.

फादरांना मी विचारलं की मला एका शब्दानं विचारायला काय झालं होतं. म्हणाले, आजी, शंका असली की चर्चचा हाच नियम, यात तुमचा अपमान नाही. वर म्हणाले की तुमच्या ऑपरेशनच्या आधी, आजाऱ्यांना प्रार्थना करून लावतात ते पवित्र तेल लावायला घरी येतो. मी सांगितलं की ज्याला माझ्या हातच्या पाण्याची शंका आहे, त्याच्या हातचं तेल मला नको.

हो, ऑपरेशन. पोटात गाठ आहे. १० डिसेंबरला, जिल्ह्याच्या दवाखान्यात. डॉक्टरीण म्हणते, उघडल्यावर कळेल. मी म्हणजे जणू लोणच्याची बरणी. यावर रडगाणं लिहू नकोस.

त्या एकोणिसांची मला काळजी नाही, त्यांच्यावर तर दोनदा ओतून झालं. जिच्यावर पुन्हा ओतता येणार नाही, तिची काळजी आहे. तुझी अनिएल्का. आपल्याला इकडे हद्दपार करून आणणाऱ्या त्या गाडीत पाणी संपलं होतं. मी डब्याच्या दाराच्या लोखंडी कडीवरचा बर्फ नखांनी खरवडला आणि तळहातावर वितळवला. चमचाभरही झाला नसेल. मी बारा वर्षांची होते. तिच्या कपाळावरून ते पाणी वाहिलं, की कपाळ नुसतं ओलं झालं? मला आठवत नाही. छप्पन्न वर्षं मी तुला सांगत आले की सगळं रीतसर झालं. ते तुला बरं वाटावं म्हणून सांगत होते का, हेही आता उमगत नाही. मूल तुझ्या मांडीवर होतं. जे असेल ते लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

लोभ आहेच. तो निदान दहा डिसेंबरपर्यंत टिकव.
तुझी सेवेरिना


व्रोत्स्वाफ, पोलंड
५ नोव्हेंबर १९९६

चि. सेवेरिनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. तीनदा वाचलं आणि नातसुनेला सांगितलं की चष्म्याला काहीतरी झालंय. एवढी मोठी गाठ तू चार ओळींत उरकलीस. कधीपासून दुखतंय? सोबत कोण आहे? शेजारच्या फ्रिदाला ने. प्रोटेस्टंट असली तरी डॉक्टरांवर ओरडायला तिच्यासारखी बाई नाही.

तेल नाकारलंस हे मात्र मला मुळीच पटलं नाही. सिस्टर योलांतानं पट्टी मारली म्हणून तू आठवडाभर प्रार्थनेला ओठ हलवले नव्हतेस. तेव्हा तू आठ वर्षांची होतीस, आता एकोणसत्तर. धन्याशी भांडण नाही, तर त्याच्या गड्याशी भांडून ताटावरून कशाला उठतेस?

आता अनिएल्का. हे मी आजवर कुणाशी बोलले नाही. तुला आठवत नाही, कारण तू रडत होतीस आणि तुझे डोळे मिटलेले होते. माझे उघडे होते. पाणी तिच्या कपाळावर पडलं, डाव्या भुवईवरून उतरलं, कानामागे वळलं आणि माझ्या बाहीत शिरलं. मला गार लागलं. तिलाही लागलं असणार, कारण तिनं तोंड वाकडं केलं. दोन दिवस निपचित होती, त्यात तेवढंच केलं. दुपारी ती गेली. पुढच्या थांब्यावर शिपायानं तिला माझ्याकडून काढून घेतलं. तो थांबा कुठला, ते आजही ठाऊक नाही. तिचं थडगं नाही, फोटो नाही. या जगानं तिला दिलं ते एवढंच, ते पाणी. बाही गोठून कडक झाली होती. संध्याकाळपर्यंत मी तो हात दुमडला नाही.

वाहिलं, सेवेरिना. तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस, हे मला पहिल्यापासून कळत होतं. पण होतं ते खरंच.

हट्ट कर, पण जिवंत राहून कर.
तुझी ताई,
लुडविका


यास्नोए
२ डिसेंबर १९९६

मा. फादर झेनोन यांस,
ख्रिस्ताची स्तुती असो. सेवेरिना झारेम्बा हिचा न. वि. वि.

सोबत माझ्या बहिणीच्या पत्राचं एक पान जोडलं आहे. पहिलं पान घरगुती असल्यानं ठेवून घेतलं. त्यात तिनं तुमची बाजू घेतली आहे.

पान नीट वाचा. पाणी वाहिलं होतं. ते कडीवरच्या बर्फाचं होतं, आणि तो बर्फ डब्यातल्या साठ माणसांच्या श्वासाचा होता, म्हणून तुम्ही पुन्हा शंका काढाल. मी तीस वर्षं सामूहिक शेताच्या डेअरीत दूध तपासलं आहे. पाणी कुठूनही येवो, ते पाणीच असतं. आणि माझ्या वहीत ‘असेल तर’ असा रकाना नव्हता.

तुमचा नियम बरोबरच असेल. पण तुम्ही शंका ओतलीत सव्वीस जिवंत माणसांवर, आणि ती झिरपत गेली एका तीन आठवड्यांच्या मेलेल्या मुलीपर्यंत. आधी मला विचारलं असतंत, तर मी तुम्हाला वाटीसुद्धा काढून दाखवली असती.

माझी मागणी एवढीच. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत लिहा: अनिएला, लुडविकाची मुलगी. बाप्तिस्मा २२ एप्रिल १९४०. देणारी सेवेरिना, वय बारा. साक्षीदार, आई. ठिकाणापुढे काय लिहायचं ते तुम्ही ठरवा, आम्हाला माहीत नाही. ‘नसेल तर’ कुठेही नको.

मंगळवारी मला टेबलावर झोपवतील. उठले नाही तर त्या मुलीची गाठ पडेल, आणि तेव्हा मला रिकाम्या हातानं जायचं नाही. मला भीती वाटते, फादर. हे कुणाला सांगू नका, आल्बिनला तर नाहीच.

दवाखान्याची बस सोमवार, ९ डिसेंबरला दुपारी दोन वाजता सुटते. नोंदीची सही-शिक्क्यानिशी प्रत दीडच्या आत माझ्या हातात पडली पाहिजे. तोंडी उत्तर चालणार नाही. कागद घेऊन स्वतः आलात, तर तेलाची डबीही आणा.

आधी कागद.

सेवेरिना झारेम्बा