वरच्या मजल्याची खिडकी बुजवायची नाही

मृत्युपत्र लिहून ठेवणार: मैदानाच्या पूर्व फाटकासमोरील लाँड्रीची मालकीण, जिला या रस्त्यावर लहानथोर सगळे इस्त्रीवहिनी म्हणतात, धंदा धुलाई व इस्त्री, वय सत्तरीपलीकडे.

माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकीलबाई म्हणतात. डॉक्टरांनी आज मला तपासले असून ते स्वतः साक्षीदार म्हणून समोर बसले आहेत. मी हे सर्व राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याचा प्रयत्न ज्यांनी केला त्यांची हजेरी खाली घेतली आहे. गेल्या महिन्यात मी एक मृत्युपत्र केले होते. ते या लेखाने रद्द समजावे. ते का रद्द करावे लागले हेही सांगणार आहे, कारण त्यात चूक माझी नव्हती.

कलम पहिले. माझी मिळकत म्हणजे हे घर. खाली लाँड्री, मागे अंगण आणि बॉयलर, मधल्या मजल्यावर आम्ही, आणि सर्वांत वर एक खोली. त्या खोलीला मैदानाकडे मोठी खिडकी आहे. आमचा फुटबॉल क्लब ज्यांनी विकत घेतला ते नवे मालक हे घर मागत आहेत. त्यांना इथे गाड्या उभ्या करायला जागा हवी आहे, असे त्यांचा माणूस सांगतो. देऊ केलेला आकडा मी इथे लिहीत नाही, साक्षीदारांचा जीव खालीवर व्हायचा. खरे कारण गाड्यांचे नाही. खरे कारण असे की सामन्याच्या दिवशी त्या खिडकीत मास्तर उभे असतात.

मास्तर कोण, हे या शहरात कोणी विचारत नाही. पण हा कागद उद्या कोर्टात एखादा बाहेरचा माणूस वाचेल, म्हणून लिहिते. मास्तर म्हणजे आमच्या क्लबचे मॅनेजर. माझ्या मुलाला मिसरूड फुटायच्या आधीपासून ते त्याच्या डोक्यावरचे केस विरळ होईपर्यंत ते मॅनेजर होते. त्यांनी एकही मोठा चषक आणला नाही. हे मीच लिहून टाकते, म्हणजे दुसऱ्या कोणाला तसदी नको. त्यांनी काय आणले ते विचारा. आमच्या पोरांची टीम आणली. पूर्वी मैदानावर निम्मी माणसे बाहेरून आणलेली असत आणि हरल्यावर मान वर करून निघून जात. मास्तरांनी याच गल्ल्यांतली पोरे उभी केली, आणि हरल्यावर प्रत्येकाला पूर्व फाटकाने, लोकांच्या मधून चालत घरी जायला लावले. सगळ्यांच्या पुढे स्वतः चालत.

क्लबचे कपडे आमच्याकडे धुवायला येत. सोमवारी मास्तर स्वतः न्यायला येत आणि पहिला प्रश्न ठरलेला असे, "वहिनी, कोणाची चड्डी स्वच्छ आली?" चिखलाचा डाग लवकर निघतो, गवताचा हट्टी असतो. पण ज्याच्या चड्डीला दोन्ही नसत, तो मैदानावर नुसता फिरायला गेला होता, हे आम्हा दोघांनाही कळत असे. मी नाव सांगायची नाही, फक्त त्या गड्याची चड्डी गठ्ठ्याच्या सर्वांत वर ठेवायची. पुढच्या सोमवारी ती हिरवी होऊन येई.

माझे यजमान गेले ते सामन्याच्या आदल्या संध्याकाळी. टीमचे सगळे कपडे ड्रममध्ये ओले पडले होते. मला त्याची शुद्धच नव्हती. दुसऱ्या दिवशी आमची टीम मागच्या हंगामातले विटके, फाटके कपडे घालून उतरली आणि सपाटून हरली. पेपरवाल्यांनी मास्तरांची सालटी काढली, टीमला धड कपडे घालता येत नाहीत म्हणून. मास्तरांनी ते स्वतःच्या अंगावर घेतले. नंतर मला आमच्या न्हाव्याने सांगितले की कपडे मागायला निघालेल्या माणसाला मास्तरांनी दारातच अडवले होते. "त्या घरी आज कोणी कपडे मागायला जायचं नाही," एवढेच म्हणाले होते. त्या आठवड्यात आमच्या अंगणातल्या दोऱ्यांवर ओले कपडे कोण घालत होते? गोलकीपर आणि मास्तर. चिमटे लावायची अक्कल दोघांनाही नव्हती, सगळ्या बाह्या ताणून ठेवल्या. त्या ताणलेल्या बाह्यांवर माझा जीव आहे. मास्तरांवरही आहे. लोकांना यावर जे बोलायचे असेल ते त्यांनी खुशाल बोलावे, मला आता ऐकू कमीच येते.

कलम दुसरे. नव्या मालकांनी मास्तरांना हंगाम अर्धा असताना काढले. क्लबने राहायला दिलेले क्वार्टरही त्याच दिवशी रिकामे करायला सांगितले. मास्तरांना बायकापोरे नाहीत, दुसरे घर नाही. त्यांचे सामान खोक्यात भरून फाटकाबाहेर ठेवण्याचे काम क्लबच्या ऑफिसातल्या कारकुनाकडे आले. तो कारकून माझा मुलगा. नोकरी होती, वरून हुकूम होता, हे मला समजते. पण तो घरी आला, हातपाय धुतले, जेवला आणि ताट उचलले. समोर फूटपाथवर मास्तर खोक्यांवर बसून होते आणि हा भात वाढून घेत होता. मला कळले ते न्हाव्याकडून. मी तशीच रस्ता ओलांडून गेले.

"वहिनी, रात्रीपुरतं सामान ठेवू का तुमच्याकडे?" मास्तर म्हणाले.

"सामान कशाला? तुम्हीच चला."

तेव्हापासून ते वरच्या खोलीत राहतात. मैदानात पाऊल ठेवायला त्यांना मनाई केली आहे. खिडकीत उभे राहायला मनाई करणारा कायदा अजून कोणाला सापडलेला नाही.

बाहेरच्या वाचणाऱ्यासाठी आणखी एक गोष्ट. आमच्यावर गोल झाला की मास्तर डोक्यावरची टोपी काढून खिशात घालत. याचा अर्थ, झाले ते झाले, आता पुढे बघा. सगळा पूर्वेचा कट्टा, म्हणजे आमच्या घराकडे पाठ करून बसणारे प्रेक्षक, त्यावर ओरडायला लागे. आता गोल झाला की नव्या मॅनेजरकडे कोणी बघत नाही. सगळा कट्टा मान मागे वळवतो आणि आमच्या खिडकीकडे बघतो. टोपी खिशात गेली की मग आवाज उठतो. गोलकीपरही बघतो, मी पाहिले आहे. हेच नव्या मालकांच्या डोळ्यात खुपते. टीम त्यांची, मैदान त्यांचे, आणि हजारो माना माझ्या घराकडे.

कलम तिसरे. म्हणून त्यांनी खिडकीच्या बरोबर समोर, मैदानाच्या भिंतीवर, स्वतःच्या चेहऱ्याचा अगडबंब फलक उभा केला. तो चढवायला शिडी दिली माझ्या धाकट्या दिरांनी. शिडी मुळात आमची होती, त्यांनी रंगकामासाठी नेली ती परत केलीच नव्हती. भाऊजींना माझ्या मिळकतीतून ती शिडी देत आहे. ती त्यांच्याकडेच असल्याने पोचवण्याची गरज नाही. तिच्याकडे रोज एकदा बघावे, एवढीच विनंती.

फलक उतरवला माझ्या सुनेने. ही मुलगी नदीपलीकडच्या टीमची. लग्न होऊन आली तेव्हा माहेरच्या टीमचा मफलर घेऊन आली, आणि मी तो मुद्दाम आमच्या कपड्यांत धुऊन त्याचा रंग घालवला. तिने सरळ दुसरा आणला. अशी खमकी. फलक लागला त्या दिवशी तिचा नवरा म्हणत होता, "जाऊ दे ना, आई. घर देऊन टाकू, मोठ्या फ्लॅटमध्ये राहू. मास्तर बघतील त्यांचं."

ती चहा गाळत होती. तिथूनच म्हणाली, "मास्तर आमच्या टीमचे असते ना, तर आम्ही त्यांना असं काढलं नसतं."

माझ्या घरात बसून माझ्या क्लबला कोणी थोबाडीत मारावी आणि मला ती गोड लागावी, असे तेव्हाच घडले. दुसऱ्या दिवसापासून ती नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवू लागली. घराचा उजेड आणि वारा अडतो, एवढा एकच मुद्दा धरून बसली. साहेब रजेवर असले की बाकावर डबा उघडून जेवायची आणि बसून राहायची. शेवटी तिला घालवण्यासाठी त्यांनी फलकच घालवला.

सबब, हे घर जमिनीसकट, खालच्या लाँड्रीसकट आणि बँकेत जे काही असेल त्यासकट मी माझ्या सुनेला देते. मुलाला नाही. ती विकणार नाही, तो विकेल. माझ्यामागे भांडण होईल हे मला ठाऊक आहे. त्या भांडणात मी सुनेच्या बाजूने आहे, हे लिहून ठेवल्याचे समजावे.

उतरवलेला फलक नगरपालिकेच्या माणसांनी माझ्या अंगणात टाकला. त्याचे मी बॉयलरवर छप्पर केले आहे. मालकांचा चेहरा खालच्या बाजूला आहे, त्यामुळे त्यांना रोज वाफ मिळते. परत हवा असल्यास त्यांनी स्वतः येऊन न्यावा.

कलम चौथे. मुलावर माझी माया नाही असे कोणी समजू नये. त्याला वडिलांचे घड्याळ, आणि पूर्वेच्या कट्ट्यावरची माझी जागा. बाळा, तू हल्ली ऑफिसच्या काचेमागून सामना बघतोस. माझ्या जागेवर येऊन बस. तिथून मान वळवली की आपली खिडकी सरळ दिसते, आणि खिडकीतून तू दिसतोस. पहिल्या दिवशी जड जाईल. मास्तर तुला काही म्हणणार नाहीत. त्या खोक्यांबद्दल ते आजवर या घरात एक अक्षर बोललेले नाहीत, तुझं ताट मात्र दोनदा त्यांनी झाकून ठेवलं आहे.

माझे काही बरेवाईट सामन्याच्या दिवशी झाले, तर शेवटची शिटी होईपर्यंत कोणालाही सांगायचे नाही. मास्तरांना तर मुळीच नाही, ते खिडकी सोडून येतील.

कलम पाचवे. आता पहिल्या मृत्युपत्राची हकीकत. त्यात मी वरची खोली मास्तरांना हयातभर दिली होती. सह्यांच्या दिवशी वकीलबाई मजकूर वाचत होत्या, दुसरा साक्षीदार, म्हणजे न्हावी, यायला उशीर झाला होता आणि मास्तर चहाचे कप घेऊन आले. पाठीमागून त्यांनी ते कलम वाचले. कप खाली ठेवले, पेन उचलले आणि साक्षीदाराच्या जागी झोकदार सही ठोकून मोकळे झाले.

वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो मास्तर, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही!"

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "म्हणूनच केली. वहिनी, तुमच्या घरात भांडण लावून मला छप्पर नको. तुमच्यामागे मी जाईन कुठेतरी."

कुठेतरी म्हणजे कुठे, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि मलाही. मला त्या रात्री झोप लागली नाही. मग लक्षात आले की चूक कलमातच होती. या माणसाला "घ्या" म्हटले तर तो घेत नाही. "करा" म्हटले तर त्याला नाही म्हणता येत नाही. इतकी वर्षे बघते आहे मी.

म्हणून आज सामन्याच्या दिवशी, त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच पाठीमागे बसून आम्ही हे काम करत आहोत. ते खिडकीत उभे आहेत. सामना चालू असताना मागे भिंत कोसळली तरी ते वळून बघणार नाहीत. मी सांगते ते वकीलबाई लिहून घेत हळू आवाजात वाचत आहेत. न्हाव्याचे निम्मे लक्ष सामन्यात आहे, पण सही करण्यापुरते अर्धे पुरेल.

कलम सहावे आणि शेवटचे. मी मास्तरांना काहीही देत नाही. मी त्यांची नेमणूक करते. या घराच्या वरच्या मजल्याचे मॅनेजर म्हणून. काम असे: आमच्या प्रत्येक सामन्याला खिडकी उघडणे, तिच्यात उभे राहणे, आणि गोल झाल्यास टोपी खिशात घालणे. या कामासाठी वरच्या खोलीत राहणे सक्तीचे आहे. ती खिडकी बुजवणे, झाकणे किंवा तिच्यापुढे काही उभारू देणे, हे घर ज्याच्या हाती असेल त्याला मना आहे.

ही नेमणूक तहहयात आहे. टीम जिंको, हरो, सलग हरो, खालच्या वर्गात जावो. मालक बदलोत, पेपरवाले काहीही लिहोत, माझा मुलगा रुसो. या पदावरून मास्तरांना काढण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आत्ताच आमच्यावर गोल झाला. खाली सगळा कट्टा वळला आहे. न्हावी उठून उभा राहिला होता, त्याला खाली बसवले. मास्तरांचा हात टोपीकडे गेला आहे. मी सही करते.

सही: इस्त्रीवहिनी

आम्हा दोघांच्या समक्ष सही झाली:
१. डॉक्टर, चौकातला दवाखाना
२. न्हावी, पूर्व फाटकाशेजारी

मजकूर लिहिणार: वकीलबाई

ठिकाण: लाँड्रीवरची खोली, खिडकी उघडी
दिनांक: हंगामाचा शेवटचा सामना, दुसरा हाफ, एका गोलने मागे, वेळ शिल्लक आहे